कमी गर्दीचं जंगल द्या हो!

अमेरिकेत एल्कच्या शिकारीला निघालेल्या माणसाला सर्वांत जास्त धास्ती कशाची? अस्वलाची? बर्फाची?

छे. दुसऱ्या शिकाऱ्याची.

एल्क म्हणजे आपल्या काश्मिरी हंगुलाच्या गोत्रातलं हरीण. अंगाने मात्र दांडगं, मोठा नर तीनशे किलोच्या घरात. आपल्याकडे वन्यजीव कायद्याने शिकारीचा विषयच मिटवला. तिकडे सरकार परवाने विकतं, हंगाम ठरवतं आणि कुठल्या विभागात किती शिकारी गेले, किती एल्क पडले याचा तक्ताही छापतं.

तक्ता आला की तुलना आली. तुलना आली की शहाणपण आलं. आणि शहाणपण आलं की सगळे एकाच विभागात!

कोलोरॅडोचं बघा. देशातले सर्वांत जास्त एल्क तिथे, पावणेतीन लाखांच्या आगेमागे. शिकारी दर वर्षी दोन लाखांच्या आसपास. म्हणजे माणशी एक एल्क आणि वर काही शिल्लक. तरी यश येतं पाचांत जेमतेम एकाला.

बाकीचे चौघे काय करतात? पुढच्या वर्षीसाठी तक्ता वाचतात.

त्यात शोधायचं एकच: प्रेशर, म्हणजे शिकाऱ्यांची गर्दी, कमी कुठे? समजा, एका विभागात दोन हजार शिकारी आणि शेजारच्यात पाचशे. पाचशेवाला निवडलात ना? अभिनंदन. आता नकाशा उघडा. विभागातली नव्वद टक्के जमीन खासगी निघाली. उरलेल्या दहा टक्क्यांत पाचशे जण एकमेकांच्या नारिंगी टोप्या मोजत बसा.

टोपीवरून आठवलं. कोलोरॅडोत रायफलच्या हंगामात कमरेच्या वर निदान पाचशे चौरस इंच भडक नारिंगी घालावं लागतं. 2016पासून भडक गुलाबीही चालतं. हरणाला हा नारिंगी धड ओळखूही येत नाही. शिकाऱ्याला शिकारी मात्र दिसलाच पाहिजे.

धोका नेमका कोणापासून, हे कायद्याला बरोबर कळलेलं आहे.

तक्त्यात आणखी एक मेख. धनुष्यबाणवाले, ठासणीच्या बंदुकीवाले, रायफलचे चार हंगाम, या सगळ्यांची मोट बांधून वर्षाचा एक आकडा काढायचा आणि तो बघून म्हणायचं, 'इथे निवांत आहे.' ऑक्टोबरातल्या दुसऱ्या रायफल हंगामाच्या पहिल्या शनिवारी, पहाटे, जंगलातल्या पार्किंगला जागा मिळते का ते बघा. मग बोलू.

आणि एल्क? त्याला तक्ता लागत नाही.

ओरेगनमधल्या स्टार्की या कुंपण घातलेल्या प्रायोगिक जंगलात संशोधकांनी एल्कच्या गळ्यात पट्टे बांधून पाहिलं. एटीव्हीच्या, म्हणजे रानवाटेवर पळणाऱ्या मोटारगाडीच्या, घरघरीने ते सर्वांत जास्त बिथरले. पण सायकलवाला, घोडेस्वार, साधा पायी चालणारा, यांच्यापासूनही लांबच राहिले. म्हणजे काही मोजायचंच असेल तर आधी रस्ते मोजा. शिकारी रस्त्याच्या कडेने साचतात आणि एल्क रस्त्यापासून सरकतो. यातून सरासरी काढून कोणाचं भलं होणार?

पहिला बार वाजला की बरेच कळप सरळ खासगी रँचच्या कुंपणाआड. तिथे प्रेशर खरंच कमी असतं. रँचमालक हजारो डॉलर घेतो आणि ते तुम्हाला विकतो.

पैसे नाहीत? मग वर्षं द्या. कोलोरॅडोच्या वायव्य कोपऱ्यातल्या 2, 10 आणि 201 या विभागांत परवाने मोजके, म्हणून गर्दी नाही. त्यांच्या सोडतीत नंबर लागायला वीसहून अधिक पॉइंट लागतात, आणि पॉइंट मिळतो वर्षाला एक. म्हाडाच्या सोडतीत निदान नवख्यालाही घर लागू शकतं. इथे पंचविशीत अर्ज केलेल्याचा नंबर पन्नाशीकडे झुकताना. तोवर वाट बघणारे वाढतात, लागणारे पॉइंटही वाढतात.

गुडघे तेवढे वाढत नाहीत.

वायोमिंगची तऱ्हा त्याहून न्यारी. तिथल्या संरक्षित अरण्यात, म्हणजे जिथे गाडीरस्ताच नाही तिथे, परराज्यातल्याला मोठ्या जनावराच्या शिकारीसाठी गाइड किंवा स्थानिक रहिवासी सोबत न्यावाच लागतो. का? एकटा माणूस वाट चुकेल म्हणून? मग त्याच अरण्यात तोच माणूस गळ घेऊन मासे मारायला गेला तर एकटा कसा चालतो? गळ हातात असला की वाट चुकत नाही वाटतं.

त्याच राज्यात एल्क माउंटन आहे. रेल्वेला दिलेल्या जमिनींमुळे तिथला नकाशा बुद्धिबळाच्या पटासारखा: एक चौकोन सरकारी, एक खासगी. सरकारी चौकोन एकमेकांना फक्त कोपऱ्यात टेकतात. प्रेशर शून्य, कारण वाटच नाही. 2021 साली मिसूरीच्या चार शिकाऱ्यांनी शिडी आणली आणि खासगी मातीला पाय न लावता कोपऱ्यावरून सरकारी जमिनीतून सरकारी जमिनीत उतरले.

हवेतून घुसखोरी! रँचमालकाने सत्तर लाखांहून जास्त डॉलरचा दावा लावला. हवा इतकी महाग असते हे तोवर कोणाला ठाऊक होतं? फौजदारी खटल्यात ज्यूरीने चौघांना निर्दोष सोडलं. मार्च 2025मध्ये दहाव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने त्यांच्याच बाजूने कौल दिला आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायला नकार दिला.

पण हा कौल दहाव्या सर्किटमधल्या सहा राज्यांपुरता. माँटाना त्यात नाही. तक्ता बघून तिकडे जायचं ठरवलंच असेल, तर शिडी घरीच ठेवा.