फुकटाचं पिल्लू

मेहुणीने कुत्र्याचं पिल्लू फुकट दिलं. 'फुकट' म्हटलं की आमच्या घरात पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही. सोसायटीच्या सभेत वडापाव फुकट असतो, म्हणून मी तीन वर्षं खजिनदार आहे.

"देशी आहे, त्याला काही होत नाही," असं मेहुणीने बजावून सांगितलं होतं. फक्त ते पिल्लाला, म्हणजे बंड्याला, सांगायचं राहिलं.

दीड महिन्याचा झाल्यावर पहिली लस, तीन-चार आठवड्यांनी पुन्हा, तीन महिन्यांचा झाला की रेबीजची, मग दर वर्षी. अधूनमधून जंताचं औषध, मानेवर गोचिडांचे थेंब. चार आण्याच्या कोंबडीला बारा आण्यांचा मसाला म्हणतात. इथे कोंबडी नुसती उकडलेली, बिनमसाल्याची, तरी खर्च तोच.

मे महिन्यात एका रात्री साडेअकराला बंड्याने आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, मोजा गिळला. पहिल्या डॉक्टरांचा फोन बंद. दुसरे म्हणाले, "मी फक्त लसी देतो." तिसऱ्यांनी मोज्याचा फोटो मागवला. आम्ही जोडीतला उरलेला मोजा टेबलावर ठेवून फोटो काढला. "हा तर बाहेरच आहे," असं उत्तर आलं.

शेजारचे गिरगावकर काका म्हणाले, "मुंबईत असतात तर थेट परळचं बैलघोडा हॉस्पिटल! एकोणिसाव्या शतकातलं. दिनशा पेटिट यांनी बायकोच्या नावाने बांधलं." बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी आजवर बायकोच्या नावाने फक्त गॅसचं कनेक्शन घेतलंय.

सकाळी गावाबाहेरच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात गेलो. अंगणात गुरं अडकवायचा लोखंडी खोडा. बंड्या त्यातून तीनदा आरपार जाऊन आला. डॉक्टर घटसर्प-फऱ्याच्या लसी टोचायला वाडीवर गेले होते. पावसाच्या तोंडावर ते काम आधी. शिपाईमामांनी रजिस्टर उघडलं.

"गाय की म्हैस?"

"कुत्रं."

"काय तक्रार? दूध कमी?"

"मोजा खाल्लाय."

त्यांनी रजिस्टर मिटलं.

शेवटी एसीवाल्या पेट क्लिनिकमध्ये. तिथे "बंड्या कुलकर्णींचे बाबा कोण?" असा पुकारा झाला, तेव्हा आबा उठून उभे राहिले. कुलकर्णींचे बाबा तेच. एक्स-रेचे आठशे झाले. डॉक्टर म्हणाले, "कापड एक्स-रेत नीट दिसत नाही."

"मग काढला कशाला?"

"मोज्याबरोबर आणखी काही गेलंय का ते बघायला."

आणखी एक रुपयाचं नाणं दिसलं. या घरातलं बंड्याच्या नावावर असलेलं एवढंच भांडवल. मग सोनोग्राफी, दीड हजार. सलाईन वेगळं.

शहाणा होऊन मी विमा एजंटला फोन केला. त्याने जन्मतारीख, लसींचं कार्ड, फोटो आणि जात विचारली. पुण्यात आजवर ज्या रकान्यासाठी माणसं आपणहून चार पिढ्या सांगतात, तिथे मी पहिल्यांदाच गप्प झालो. शेवटी त्यानेच विचारलं, "आत्ता तब्येत कशी आहे?" खरं सांगितलं. "आधी मोजा निघू द्या," म्हणाला, "मग विमा काढू."

तिसऱ्या दिवशी मोजा आपोआप निघाला. नाणं अजून येणे आहे. आजवरचा खर्च चार हजार तीनशे. बायकोने मोजा तीनदा धुऊन वाळत घातला. एवढा महागडा मोजा टाकवेना. आबा मात्र तो घालायला तयार नाहीत.

आबांच्या गुडघ्याचा एक्स-रे आम्ही गणपतीपासून 'दिवाळीनंतर बघू' म्हणतोय. दिवाळी होऊन सहा महिने झाले. काल बंड्याला तपासणीला नेताना ते पिशवी घेऊन आधीच गाडीत बसले होते. पिशवीत जुनी प्रिस्क्रिप्शनं. क्लिनिकमध्ये डॉक्टरांनी बंड्याचं पोट चाचपलं, "एकदम छान" म्हणाले आणि हात धुवायला वळले. आबांनी लगेच धोतर गुडघ्यापर्यंत वर घेतलं आणि टेबलावर चढायला सुरुवात केली.