शेवटच्या हातभर तारेपासून मुक्ती

गोव्यातल्या पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांनी विजेच्या बाबतीत जो संयम कमावला आहे, त्याची कदर अजून व्हावी तशी झालेली नाही. ऐन पावसात दिवेलागणीला लाईट गेली की इथला माणूस आरडाओरडा करीत नाही. तो दारात येतो, शेजारच्या वाड्यावर उजेड आहे का ते पाहतो आणि तिथेही काळोख असेल तर निश्चिंत मनाने आत वळतो. दोष आपल्या घरात नाही एवढे कळले की त्याची अर्धी तक्रार तिथेच मिटते. अशा तयारीच्या नागरिकांच्या हाती वायरलेस चार्जर यावा, यापेक्षा योग्य हात त्याला मिळणार नाहीत.

हा चार्जर म्हणजे हाताच्या तळव्याएवढी चपटी तबकडी. तिच्या पोटात तांब्याच्या तारेचे वेटोळे असते, तसेच एक वेटोळे फोनच्या पाठीत. तबकडीतल्या वेटोळ्यात प्रवाह सेकंदाला लाखभर वेळा दिशा बदलत राहतो, त्यामुळे भोवतीचे चुंबकीय क्षेत्र सतत बदलते आणि फोनमधल्या वेटोळ्यात वीज उपजते. मायकेल फॅराडेने हे तत्त्व १८३१ साली दाखवून दिले. त्यानंतर त्यावर विजेची जनित्रे आणि ट्रान्स्फॉर्मर उभे राहिले, गावोगाव दिवे लागले. माणसाने पलंगाशेजारी ठेवलेल्या फोनमध्ये पिन खुपसण्याच्या कष्टातून सुटावे, एवढेच काय ते राहून गेले होते. ती उणीव भरून काढण्यासाठी २००८ साली कंपन्यांचा एक संघ स्थापन झाला, त्याने ‘ची’ नावाचे मानक ठरवले आणि २०१७ साली आयफोनने ते स्वीकारल्यावर जगाची खात्री पटली.

तबकडीला मात्र तार असते. ती भिंतीतल्या प्लगपर्यंत जाते, तिला अडॅप्टर लागतो आणि लाईट गेली की तीही निमूट होते. म्हणजे तार गेलेली नाही, फोनपासून हातभर मागे सरली आहे. पूर्वी केबल लावून फोन कानाशी धरता येत असे, बोलता येत असे. आता चार्जिंग सुरू असताना फोन उचलला की चार्जिंग थांबते. माणसाने फोनला हातच लावू नये, ही शिस्त घराघरांत वडीलधाऱ्यांना वर्षानुवर्षे लावता आली नाही. ती या तबकडीने लावली.

तरीही काही नागरिकांची तक्रार असते की फोन तबकडीवर ठेवला, रात्र गेली आणि बॅटरी होती तिथेच आहे. या तक्रारीकडे सहानुभूतीने पाहिले पाहिजे, कारण तिच्या मुळाशी बहुधा अपुरी नागरिकता असते. सर्वांत सामान्य कारण तर हे की त्या फोनच्या पाठीत वेटोळेच नसते. आपल्याकडे विकले जाणारे बहुतेक मध्यम किमतीचे फोन या सोयीविना येतात. तबकडी मात्र कुणालाही विकत मिळते. डिचोलीच्या बुधवारच्या बाजाराला आलेला माणूस दुकानातून ती हौसेने घेऊन जातो, फोन तिच्यावर देवघरातल्या मूर्तीसारखा ठेवतो आणि वाट पाहतो. खोक्यावरच्या बारीक अक्षरांत फोनला ही सोय असावी लागते असे लिहिलेले असते. ते वाचायला चष्मा लागतो, चष्मा शोधायला उजेड लागतो, आणि उजेडाची जबाबदारी तबकडी बनवणाऱ्याने घेतलेली नाही.

वेटोळे असेल तर पुढची कसोटी नेमकेपणाची. दोन्ही वेटोळी समोरासमोर, मध्यबिंदूवर मध्यबिंदू अशी यावी लागतात. सेंटिमीटरभर सरकली तरी चार्जिंग मंदावते, थोडी आणखी सरकली तर थांबतेच. रात्री एखादा मेसेज येतो, फोन थरथरतो, थरथरत गुळगुळीत तबकडीवरून अंगुळभर घसरतो आणि पहाटेपर्यंत तसाच पडून राहतो. म्हणजे जग आपल्याशी बोलू पाहते म्हणूनच आपला फोन मरतो. या दोषावर उपाय म्हणून पुढे चुंबक आले. २०२० सालच्या आयफोनमध्ये ते गोल मांडून बसवले होते आणि २०२३ साली ‘ची’च्या दुसऱ्या आवृत्तीने तीच कल्पना इतरांसाठी खुली केली. चुंबकाने फोन जागेवर पक्का धरला जातो. पिनही हेच काम करीत होती, पण तिच्यासाठी नवा फोन घ्यावा लागत नव्हता, हा तिचा मोठा दोष.

मग कव्हर. दोन वेटोळ्यांतले अंतर काही मिलिमीटरच चालते. फोन पडून फुटू नये म्हणून आपण जाड कव्हर घालतो आणि ते जाड कव्हर विजेला अडवते. फोन फुटण्याची भीती वाढली आहे, कारण धातूच्या पाठीतून हे क्षेत्र नीट जात नाही म्हणून पाठ काचेची झाली. काच आली म्हणून कव्हर आले, कव्हर आले म्हणून चार्जिंग थांबले. कव्हर काढले तर चार्जिंग सुरू होते आणि काच उघडी पडते. इतकी सुसंगत व्यवस्था आपल्या नियोजन खात्यांनाही क्वचित जमते.

स्कूटरच्या हँडलवर फोन चिकटवण्यासाठी कव्हरमागे लोखंडी चकती लावण्याची पद्धत आहे. हरमल, मोर्जीच्या बाजूला पर्यटकांना रस्ते दाखवीत फिरणाऱ्या मुलांच्या फोनवर ती हमखास दिसते. चकती मध्ये आली की ती तापू लागते, इंडक्शन शेगडीवरच्या भांड्यासारखी. शहाणी तबकडी हे ओळखते, वीज तोडते आणि दिवा लुकलुकवते. स्वस्तातली तबकडी ओळखत नाही, आणि मग तापलेल्या चकतीखाली बॅटरी असते. इथे मात्र उपरोध बाजूला ठेवून सांगावे लागते की मानकाची खूण असलेलीच तबकडी घ्यावी. कव्हरच्या कप्प्यात एटीएम कार्ड ठेवणाऱ्यांनी ते आधी काढावे. घरात कुणाच्या छातीत पेसमेकर असेल तर चार्ज होत असलेला फोन आणि चुंबकाची तबकडी हातभर दूरच ठेवावी. ॲपलचीच सूचना तीस सेंटिमीटरहून अधिक अंतराची आहे. उशाशी चार्जर हवा म्हणून हट्ट धरणाऱ्या आजोबांना हे समजावून सांगण्यात कुणी कमीपणा मानू नये.

उष्णतेचा मुद्दा गोव्याला विशेष लागू पडतो. या पद्धतीत जी वीज फोनपर्यंत पोचत नाही ती उष्णतेच्या रूपाने तिथेच राहते, आणि फोन तापला की स्वतःला वाचवण्यासाठी चार्जिंग मंद करतो, कधी ऐंशी टक्क्यांवर थांबवतो. आयफोन वापरण्याची कंपनीने सांगितलेली मर्यादा पस्तीस अंशांपर्यंतची आहे. मे महिन्यातली डिचोलीतली दुपार, वर मंगळुरी कौलांची किंवा पत्र्याची तापलेली छपरे, आणि वीज आत्ताच आलेली म्हणून घाईने तबकडीवर ठेवलेला फोन, अशा वेळी फोनने काम नाकारले तर त्याला कामचुकार म्हणू नये. दुपारी अंगणात राबणाऱ्या माणसाला आपण अजून ही सवलत दिलेली नाही, यंत्राला मिळाली आहे.

या तबकडीचे खरे गुणही आहेत आणि ते नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. पावसाळ्यात किनाऱ्याच्या बाजूला फोनच्या छिद्रात ओल शिरते, पडद्यावर पाणी असल्याची सूचना येते आणि केबल घेण्यास फोन नकार देतो. फोनची पाठ पुसून कोरडी केली तर तबकडीवर तो चार्ज होऊ शकतो. खनिज वाहतुकीच्या रस्त्यावर राहणाऱ्यांच्या फोनच्या छिद्रात तांबडी धूळ बसते, तबकडीवर चार्ज करायला ते छिद्र लागतच नाही. ज्यांचे हात थरथरतात, ज्यांना अंधुक दिसते, त्यांना पिनची बाजू चाचपडत शोधावी लागत नाही. आखातात किंवा विलायतेत नोकरीला असलेला मुलगा आईसाठी ती आणतो तेव्हा त्यामागे हीच माया असते. फोन अंगुळभर सरकल्याने तो सकाळी बंद आढळला आणि मुलाचा फोन आईला लागला नाही, तर त्या दिवशी काय वाटते हे तिला कुणी विचारत नाही. तिच्या पलंगाशी तबकडी ठेवताना तबकडीच्या मध्यावर रंगाचा एक ठळक ठिपका आणि शेजारी एक साधी केबल ठेवली, तर कौतुकात काही उणे येणार नाही.

पण या तबकडीची थोरवी खऱ्या अर्थाने कळण्यासाठी प्लगच्या पलीकडे पाहिले पाहिजे. गोव्याला स्वतःचे म्हणावे असे मोठे वीजकेंद्र नाही. आपल्या वाट्याची बरीचशी वीज छत्तीसगडमधल्या कोरबा आणि मध्य प्रदेशातल्या विंध्याचल यांसारख्या केंद्रांतून येते. तिथे कोळसा जळतो आणि इथे तबकडीवरचा हिरवा दिवा लागतो. वाढत्या मागणीसाठी तमनार प्रकल्पाची चारशे किलोव्होल्टची वाहिनी कर्नाटकातून मोलेच्या जंगलामार्गे आणण्याचे ठरले. सांगोडला उपकेंद्रासाठी झाडे पडू लागली तेव्हा २०२० साली गोव्यातली तरुण मुले, वनस्पतींचे आणि फुलपाखरांचे अभ्यासक, गावचे लोक रस्त्यावर आले. त्या लोकांना विकासविरोधी ठरवण्यात काहींनी पुष्कळ उत्साह दाखवला. आंदोलकांनी तबकडीकडे पाहिले असते तर त्यांना दिसले असते की तारा कमी करण्याचे काम तर सुरू झालेच आहे. कित्येक किलोमीटरची वाहिनी जंगलातून जाईल, पण शेवटची हातभर तार वाचली, आणि ती सर्वांत दिसणारी होती.

थोडा हिशेब करून पाहू. फोनच्या बॅटरीत साधारण पंधरा वॅट-तास वीज मावते. बिनतारी चार्जिंगमध्ये केबलपेक्षा पाचेक वॅट-तास जास्त वाया जातात असे धरले, तर रोज एकदा चार्ज होणाऱ्या एका फोनमागे वर्षाला पावणेदोन-दोन युनिटे होतात. बिलात ती दिसतही नाहीत, हा त्यांचा सभ्यपणा. गोव्याची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत साडेचौदा लाखांवर होती. त्यांतल्या एक लाख लोकांनी ही सोय स्वीकारली असे समजले तर वर्षाला सुमारे एक लाख ऐंशी हजार युनिटे जातील. कोळशाच्या एका युनिटामागे सातशे ग्रॅमच्या आसपास कोळसा लागतो, म्हणजे हा सव्वाशे टनांचा मामला झाला. डिचोलीच्या रस्त्यांवर खनिज वाहणाऱ्या दहाटनी टिपरांच्या हिशेबात बारा-तेरा खेपा. मुरगाव बंदरातून कोळसा नको म्हणून आपण सभा घेतो, घ्यायलाच हव्यात. हे बारा टिपर मात्र कोरब्यातच जळून जातात, त्यांची धूळ तिथल्या माणसांच्या दारात बसते आणि आपल्या उशाशी काहीच सांडत नाही. वाया जाण्यातही इतके स्वच्छ राहणे फार थोड्या वस्तूंना साधते.

राहता राहिला तो माणूस, ज्याच्यामुळे प्लगमध्ये वीज आहे. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेले, झाडे तारांवर पडली, खांब मोडले, उत्तर गोव्यातले कित्येक वाडे दिवसेंदिवस अंधारात होते. तेव्हा वीज खात्याचे लाईनमन भर पावसात, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, घरचे आजारी असताना खांबांवर चढले. कुठल्याही पावसाळ्यात पेडण्याच्या एखाद्या वाड्यावर माडाची झावळी तारेवर पडते तेव्हा हेच होते. ओल्या खांबावर चढणाऱ्या त्या माणसाला हातमोजे, पट्टा आणि पलीकडून पुरवठा बंद असल्याची खात्री एवढेच हवे असते. पण त्याने नव्या काळाची भाषा आत्मसात केली पाहिजे. तार हा मागासलेपणा आहे, तिची दुरुस्ती करत बसणे म्हणजे प्रगतीला खीळ घालणे, हे त्याला अजून कुणी नीट सांगितलेले दिसत नाही. नाहीतर फांद्या छाटण्याचे काम पाऊस लागण्याआधी झाले असते आणि तारा जमिनीखाली नेण्याच्या योजना सगळ्या गावांपर्यंत पोचल्या असत्या. या गोष्टी तबकडीइतक्या देखण्या नसतात, खोक्यात येत नाहीत आणि वाढदिवसाला भेट देता येत नाहीत.

तेव्हा ज्यांचा फोन तबकडीवर चार्ज होत नाही, त्यांनी निराश न होता क्रमाने जावे. फोनला ही सोय आहे का ते पाहावे. कव्हर, चकती, कार्ड काढावे. फोन मध्यावर ठेवावा, तापला असेल तर निवू द्यावा, एकदा बंद करून सुरू करावा. अडॅप्टर तबकडीला पुरेसा आहे का ते तपासावे, कारण जुन्या पाच वॅटच्या अडॅप्टरवर पुष्कळ तबकड्या नुसता दिवा लावतात. तबकडीची केबल दुसरी लावून पाहावी. घरात लाईट आहे याची खात्री करावी. एवढ्यानेही काम झाले नाही तर फोनला थेट केबल लावून पाहावी. बरेच दिवस न वापरल्याने छिद्रात कापसाचे तंतू आणि धूळ दबलेली असते, ती फोन बंद करून कोरड्या मऊ ब्रशने हलकेच काढावी. आता फोन व्यवस्थित चार्ज होऊ लागला, तर केबल ठीक आहे, फोन ठीक आहे आणि वीजही ठीक आहे हे सिद्ध होते. दोष बहुधा तबकडीत आहे. नागरिकांनी लगेच नवी तबकडी आणावी, आणि ती येईपर्यंत फोन केबलवर चालू ठेवावा.