ई-एन-यू ई-जी-वाय

जबलपूरच्या मदन महल भागातल्या काकांनी गणपतीच्या वर्गणीचा मेल पाठवला. पुण्यात पोचली ती ओळीनं प्रश्नचिन्हं. वर्गणी मागतायत की जाब विचारतायत, कळेना. फोन लावला. "अरे, इथला कॉम्प्युटरवाला भैया म्हणतो, मेलमधून साधीच अक्षरं बाहेर जायला हवीत. त्यानं चाळणी बसवून दिलीय."

साधी म्हणजे आस्की या संगणकी अक्षरसंचातली, अमेरिकेत १९६३ साली पहिल्यांदा ठरलेली. एकूण घरं १२८, छापता येण्याजोगी ९५. डॉलरला घर आहे, रुपयाला नाही, म्हणजे वर्गणी तिथेच बुडाली. आणि ळ? जबलपुरात काळ्यांचे काले आधीच झालेत, आता थेट प्रश्नचिन्ह.

काका हार मानणाऱ्यातले नव्हेत. दुसरा मेल त्यांनी कृतिदेव फॉन्टात टाइप केला. कृतिदेवात पडद्यावर दिसतं 'मदन महल', पण आत बसलेलं असतं ई-एन-यू ई-जी-वाय. फॉन्टचा मुखवटा गळला की तेच उघडं पडतं. चाळणीनं हा मेल बिनतक्रार सोडला. अस्सल मराठी दारात अडवली आणि सोंग बाहेर सोडलं, असली ही राखण!

बरं, चाळणीची गरज काय होती? १९९२ साली माइमची रीत आली, तेव्हापासून मेलचा प्रोग्राम देवनागरीचं गाठोडं स्वतःच साध्या अक्षरांत बांधतो आणि पलीकडे जसंच्या तसं सोडतो. गाठोड्यावर 'यूटीएफ-८' अशी चिठ्ठी हवी, एवढंच. २०१२च्या मानकांनी तर ईमेलचा पत्तासुद्धा देवनागरीत लिहायला वाट करून दिली.

भैयाचं एक खरं. वर्डमधून उचललेली वाकडी अवतरणचिन्हं कधीकधी पलीकडे भलत्याच रूपात उगवतात. पण उवा झाल्या म्हणून कुणी डोकं उतरवून ठेवत नाही.

मदन महलच्या किल्ल्याजवळ खडकावर नुसती टेकलेली ती प्रचंड शिळा २२ मे १९९७च्या भूकंपातही ढळली नाही. तिच्या पायथ्याच्या मोहल्ल्यातून निघालेली वेलांटी मात्र पुण्यापर्यंत टिकेना.

काका, आधी ती चाळणी काढा. मग आकडा कळवा, अक्षरी सुद्धा. वर्गणी लगेच पाठवतो.