पासिंगवाल्या भाऊंना खुलं पत्र

प्रति,
जुन्या गाड्यांचे विक्रेते, तथा स्वयंघोषित वाहन तपासणी अधिकारी

विषय : 'फुल पासिंग'ची क्वाड बाइक गळ्यात मारल्याबद्दल जाहीर आभार.

भाऊ, रामराम.

तुम्ही दिलेली क्वाड बाइक बाभुळगावात सुखरूप पोचली. अर्थात टेम्पोतून आली, म्हणूनच पोचली. पावसाळ्यात आमच्या पांदणीत मोटारसायकल घातली की चाक आणि मडगार्डच्या मधे काळी माती गच्च बसते आणि गाडी जागीच थांबते. रुंद टायरची ही गाडी वावरापर्यंत जाईल, ही आमची साधी आशा. तुम्ही तर त्याहून पुढचं दिलंत. "शेतात चालवा, यवतमाळला न्या, पासिंग आहे," म्हणालात आणि गोल शिक्क्याचं तपासणी प्रमाणपत्र हातात ठेवलंत.

ते प्रमाणपत्र आम्ही घरी सगळ्यांनी मिळून वाचलं. ब्रेक : ओके. स्टिअरिंग : ओके. वायपर : ओके. सीट बेल्ट : ओके. या गाडीला काच नाही, तरी वायपर उत्तम आहे. बसायला घोड्यासारखं खोगीर, तरी पट्टा मजबूत आहे. जे गाडीवर नाही तेही तपासून पास करणारी नजर अख्ख्या आरटीओत कुणाकडे नसेल.

आमच्या मिस्त्रीची नजर मात्र साधी. त्यानं पुढचं चाक वर-खाली धरून हलवलं आणि म्हणाला, "भाऊ, हे चाक आपल्याच मतानं चालून रायलं." बॉल जॉइंट खिळखिळे, बेअरिंगला घरघर, मागच्या ब्रेकचा कॅलिपर गंजून जाम. ही गाडी पूर्वी कोकणात पर्यटकांना समुद्रकिनाऱ्यावर फिरवत होती, हे तुम्हीच मोठ्या कौतुकानं सांगितलं होतं. खारं पाणी लोखंडाचं काय करतं, तेवढं सांगायचं राहिलं. वरून मारलेला लाल रंग मात्र झकास आहे.

मिस्त्रीनं आणखी एक दाखवलं. या गाडीला मागे डिफरन्शियल नाही. दोन्ही चाकं एकाच अखंड दांड्यावर, एकाच वेगानं फिरतात. चिखलात ते चालून जातं. डांबरी वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं, ते कापता येत नाही आणि गाडी सरळच जायला बघते. टायरवर तर कंपनीनं स्वतःच 'नॉट फॉर हायवे सर्व्हिस' असं कोरलंय. तुमचा शिक्का नेमका त्याच्या विरुद्ध बोलतो. आता कंपनी खोटी की तुम्ही, हा निवाडा आम्ही गरिबांनी कसा करावा?

राहिला कायदा. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या 126 व्या नियमाप्रमाणे गाडीच्या नमुन्याची पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत चाचणी व्हावी लागते. ती नाही तर नोंदणी नाही; आणि नोंदणी नसेल तर 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या 39 व्या कलमाप्रमाणे गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही. पोलारिस कंपनीनं आपलं एक मॉडेल रीतसर ट्रॅक्टर म्हणून प्रमाणित करून घेतलं, म्हणजे वाट आहे. तुमच्या गाडीनं ती कधी पाहिली नाही एवढंच. फोनवर तुम्ही म्हणालात, "सरकारनं 2018 लाच क्वाड्रिसायकल खासगी वापराला मोकळी केली." केली ना! पण ती बजाजच्या क्यूटसारखी छपराची, बंद गाडी. नावात चार आकडा आला म्हणून आमचं खोगीर त्या रांगेत बसत नाही. एमएच-29 ची पाटी तुम्ही लावून दिलीत, ती कोणत्या गाडीची, हेही एकदा सांगून टाका.

तुम्हाला एकट्याला दोष देणं मात्र अन्याय होईल. कागद पास करून गाडी सोडून द्यायची कला तुमच्याआधीही होती. पासिंगच्या दिवसापुरते चांगले टायर चढवायचे आणि संध्याकाळी उतरवायचे, हे कोणत्या अड्ड्यावर ठाऊक नाही? पुण्याच्या श्रीकांत कर्वे यांच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाला सांगावं लागलं, की ब्रेक तपासायला 250 मीटरचा ट्रॅक हवा. 2018 मध्ये नीट तपासणी न करता फिटनेस दिल्याबद्दल राज्यातले 37 परिवहन कर्मचारी-अधिकारी निलंबित झाले. हे झालं ट्रक, बस, रिक्षांचं, ज्यांना आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी फिटनेस लागतं. खासगी गाडीला तर पहिली 15 वर्षं कुणी ब्रेक विचारत नाही. मालक बदलताना फॉर्म 29 आणि 30 भरायचे, पीयूसीत धूर मोजायचा, झालं. धूर स्वच्छ असला की चाक निखळलं तरी चालतं! ही एवढी मोठी मोकळी जागा सरकारनंच ठेवलीय. तुम्ही फक्त तिथं दुकान टाकलंत.

तरी दोन गोष्टी कानावर घालतो. 1 एप्रिल 2023 पासून नोंदणीकृत जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याला परिवहन खात्याचं प्राधिकारपत्र लागतं. तुमच्या भिंतीवर देवाच्या फोटोशेजारी ते कुठं दिसलं नाही. आणि मोटार वाहन कायद्याच्या 182-अ कलमात नियम मोडून गाडी विकणाऱ्या डीलरला एका गाडीमागे एक लाख रुपये दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद किंवा दोन्ही आहे.

आमचं मागणं थोडं आहे. पैसे परत करा, गाडी घेऊन जा. ते जमत नसेल, तर प्रमाणपत्र दुरुस्त करून द्या : ब्रेक कुणी तपासला, कोणत्या तारखेला, किती वेगात दाबला, किती मीटरवर गाडी थांबली, आणि खाली तपासणाऱ्याचं पूर्ण नाव आणि सही. 'ओके' हा आकडा नाही.

आणि सहीआधी एकदा आमच्याकडे या. रस्त्यावर चालवा म्हणणार नाही, तो गुन्हा होईल. आमच्या धुऱ्यावरून, पऱ्हाटीच्या कडेनं, तुम्ही स्वतः चालवा. मागे घरच्या कुणाला बसवा. सीट बेल्ट आहेच.

कळावे,
तुमचा ओके गिऱ्हाईक,
मु. पो. बाभुळगाव, जि. यवतमाळ