विद्यापीठ हे निमित्त

परदेशी विद्यापीठात एक सेमिस्टर काढून आलेल्या युरोपीय तरुणाला विचारा, काय शिकलास? तो आधी घरभाड्यावर बोलेल, मग घरमालकिणीवर, मग पहाटेपर्यंत चाललेल्या एखाद्या पार्टीवर. अभ्यासाचा विषय निघालाच तर सर्वांत शेवटी, आणि तोही आईवडील जवळपास असले तर. यावरून बरेच शहाणे लोक असा निकाल देतात की इरॅस्मस नावाची ही विद्यार्थी अदलाबदलीची योजना म्हणजे करदात्यांच्या पैशाने काढलेली लांबलचक सहल आहे. मला हा निकाल मान्य नाही. इरॅस्मसमध्ये शिक्षण भरपूर होतं. फक्त ते वर्गात होत नाही, आणि विद्यापीठ हे ते घडवून आणण्याचं निमित्त असतं.

योजनेचा जन्मच मुळी एका अपमानातून झाला. सोफिया कोराडी ही इटालियन तरुणी फुलब्राइट शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेली, मास्टर्स पदवी घेऊन १९५८ मध्ये रोमला परतली, आणि तिथल्या विद्यापीठाने ती पदवी जमेस धरायला साफ नकार दिला. वर तिथल्या एका अधिकाऱ्याने चारचौघांत खरडपट्टी काढली ती वेगळीच. असा अपमान झाला की सर्वसाधारण माणूस घरी येऊन भांडी आपटतो. कोराडीबाईंनी तो जपून ठेवला, वर्षानुवर्षं टिपणांमागून टिपणं लिहिली, वरिष्ठांचे कान खाल्ले, आणि १९८७ मध्ये इरॅस्मस सुरू झालं तेव्हा पहिल्याच वर्षी ११ देशांतले ३,२४४ विद्यार्थी एकमेकांकडे मुक्कामाला गेले. आता हा आकडा दरवर्षी लाखांत असतो. युरोपच्या एकीचं श्रेय मोठमोठ्या करारांना आणि त्यांवर सह्या करणाऱ्यांना दिलं जातं. त्यातला थोडा वाटा रोमच्या त्या खडूस अधिकाऱ्यालाही मिळायला हवा.

योजनेला नाव मिळालं तेही अगदी नेमकं. रॉटरडॅमचा इरॅस्मस हा थोर विद्वान खरा, पण त्याचं चरित्र पाहिलं तर तो आजच्या एक्सचेंजवाल्या पोरांचा सख्खा पूर्वज शोभतो. पॅरिसच्या ज्या कॉलेजात राहिला तिथल्या नासक्या अंड्यांवर त्याने पुढे लिहून सूड उगवला. केंब्रिजला गेला तर तिथली बिअर घशाखाली उतरेना, म्हणून मित्राकडे वाइनची मागणी करणारी पत्रं धाडली. डॉक्टरेट घेतली ती १५०६ मध्ये इटलीतल्या तुरिनला, अगदी थोडक्या मुक्कामात. मेसच्या नावाने शंख, गावाच्या दारूला नावं आणि पदवी मात्र झटपट! एवढं करूनही त्याच्या विद्वत्तेला पाच शतकांत धक्का लागलेला नाही.

बरं, वर्गात होत नाही ते शिक्षण होतं कुठे? पहिला धडा कागदावर. निघण्यापूर्वी ‘लर्निंग अ‍ॅग्रीमेंट’ नावाचा करार भरावा लागतो. त्यावर विद्यार्थ्याची सही, घरच्या विद्यापीठाची सही आणि यजमान विद्यापीठाची सही. तिकडे पोचल्यावर कळतं की सही केलेला विषय या सेमिस्टरला नाहीच, किंवा आहे पण कॅटलान भाषेत आहे. मग बदलाचा तक्ता आणि पुन्हा तीन सह्या. विषयांचं वजन युरोपभर एकाच मापाने व्हावं म्हणून क्रेडिटची पद्धत आली: वर्षाला ६० क्रेडिट, आणि एक क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांचं काम. (त्या मधल्या पाच तासांत युरोपचं सगळं राजकारण मावतं.) एका अधिकाऱ्याच्या आडमुठेपणावर उतारा म्हणून निघालेल्या योजनेने एवढे कागद निर्माण करावेत, हा काव्यगत न्याय आहे. पण वयाच्या विसाव्या वर्षी परक्या भाषेतल्या कचेरीतून सही घेऊन बाहेर पडलेला मुलगा पुढे जन्मभर कुठल्याही कचेरीला घाबरत नाही. हे कोणत्या प्राध्यापकाने शिकवलं असतं?

दुसरा धडा स्वयंपाकघरात, आणि तो जास्त अवघड. जर्मन मुलगा संध्याकाळी साडेसहाला पाव आणि चीज खाऊन भांडी धुऊन मोकळा होतो. स्पॅनिश मुलगी रात्री दहाला कांदा चिरायला घेते. इटालियनाला दोघांचंही जेवण हे जेवण वाटत नाही. या तिघांना एकच फ्रिज. वेस्टफालियाच्या तहाने १६४८ मध्ये प्रत्येकाने आपापल्या हद्दीत राहावं असं ठरवलं, असं इतिहासाची पुस्तकं सांगतात. त्या तत्त्वाचा अर्थ ज्याला पुस्तकातून कळला नाही, त्याला आपल्या कप्प्यातलं लोणी दुसऱ्याने संपवल्यावर एका सकाळीत कळतो. सेद्रिक क्लापिशचा २००२ चा ‘लोबेर्ज एस्पान्योल’ हा चित्रपट अर्थशास्त्र शिकायला बार्सिलोनाला गेलेल्या पॅरिसच्या मुलाचा आहे, पण प्रेक्षकांच्या लक्षात राहतो तो त्यातला फ्लॅट. अर्थशास्त्र कोणाला आठवतं? शिवाय युरोपीय आयोगाच्याच २०१४ च्या अहवालात म्हटलं आहे की इरॅस्मसला गेलेल्यांपैकी २७ टक्के लोकांना आयुष्याचा जोडीदार तिथेच भेटला, आणि १९८७ पासून अशा जोड्यांना अंदाजे दहा लाख मुलं झाली असावीत. एवढं ठोस फलित दाखवणारी दुसरी शैक्षणिक योजना मला तरी ठाऊक नाही.

आक्षेप घेणारे यावर गप्प बसत नाहीत, आणि बसूही नये. ते म्हणतात, ही पोरं स्थानिकांत मिसळतच नाहीत, आपापसातच राहतात. खरं आहे. पण आपापसात म्हणजे पोलिश, पोर्तुगीज आणि फिनिश असा घोळका असतो. गावकऱ्यांशी ओळख झाली नाही तरी खंडाशी झाली. दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. त्याच अहवालाप्रमाणे परदेशी राहून आलेल्यांत पदवीनंतर पाच वर्षांनी बेकारी २३ टक्क्यांनी कमी दिसते. पण जाणारी मुलं मुळातच हुशार आणि खात्यापित्या घरची असतील, तर त्यात योजनेचं कर्तृत्व काय? यावर माझ्याकडे विनोद नाही. महागड्या शहरांत अनुदान भाड्यालाही पुरत नाही, आणि उरलेले पैसे ज्याचा बाप घालू शकतो तोच निघतो. मात्र यावरचा उपाय अनुदान वाढवणं हा आहे. दुकान बंद करणं नव्हे.

दुकान बंद करून पाहिलंच की ब्रिटनने! युरोपीय संघातून बाहेर पडताना इरॅस्मसही सोडलं आणि २०२१ मध्ये ट्युरिंग नावाची स्वतःची योजना काढली. तिच्यात आपली मुलं बाहेर पाठवायला पैसे होते, बाहेरची मुलं घरी आणायला नव्हते. आमच्याकडचे तुमच्याकडे येतील, तुमच्याकडच्यांनी आपलं आपण बघावं! डिसेंबर २०२५ मध्ये त्याच ब्रिटनने २०२७ पासून इरॅस्मसमध्ये परतायचं जाहीर केलं.

आपल्या विद्यार्थ्यांना इरॅस्मस मुंडुस शिष्यवृत्तीतून संपूर्ण पदवीसाठी युरोपला जाता येतं, आणि मराठी मुलं जातातही. घरच्या घरी मात्र एका विद्यापीठातून दुसऱ्यात जायचं तर अजून मायग्रेशन सर्टिफिकेट लागतं, जणू मुलगा देश सोडून चालला आहे. क्रेडिट साठवायची राष्ट्रीय बँक २०२१ पासून कागदावर तयार आहे. कुलगुरूंना विनंती एवढीच, की तिच्यातून एकदा पैसे काढून दाखवा: कोल्हापूरच्या मुलांना एक सेमिस्टर नागपूरला पाठवा, नागपूरची कोल्हापूरला आणा, आणि तांबडा रस्सा व सावजी यांना एका फ्रिजमध्ये राहू द्या. अभ्यासक्रम काय ठेवायचा ते नंतर बघू.