घरात रकाबदार आहे का?

३१ ऑक्टोबर २०२५ला युनेस्कोनं लखनौला खाद्यसंस्कृतीसाठी ‘सर्जनशील शहर’ म्हणून मान दिला. भारतात हा मान आधी फक्त हैदराबादला मिळाला होता. लखनौला तो मिळाला हे रास्तच झालं. पण म्हणून घरी चार माणसं जेवायला यायची तर अवधी दस्तरखानच मांडायचा, हा हट्ट सोडा.

गलौटी कबाबाला खिमा लोण्यासारखा वाटायचा, कच्च्या पपईत मुरवायचा, मसाल्यांची हातभर यादी जमवायची. टुंडे कबाबीवाले हे काम १९०५पासून करताहेत, त्यांनाच करू द्या. नवाबांच्या मुदपाकखान्याचं तर नावच नको. तिथं मोठ्या देगांवर बावर्ची, मोजक्या नाजूक पदार्थांना रकाबदार, रोट्यांना नानफूस. सगळे पगारी, शिवाय हाताखाली माणसं! तेवढं सगळं एका बाईनं ओट्यापाशी उभं राहून उरकायचं आणि बाकीच्यांनी बाहेर गप्पा ठोकायच्या, याला मी पाहुणचार म्हणत नाही. ती वेठबिगारी आहे.

लखनौच्या घरांतलं साधं खाणं मात्र जरूर उचला. थंडीत मटार आला की तिथं चहाबरोबर घुघरी होते. मोहरीच्या तेलात जिरं, हिंग, आलं, हिरवी मिरची. त्यावर कोवळे दाणे आणि बटाट्याच्या बारीक फोडी. पाणी घालायचं नाही, झाकण ठेवून वाफेवर शिजू द्यायचं. दाण्यांना सुरकुती पडली की उतरवून लिंबू पिळायचं. पाहुणे दाणे सोलायला बसले तर आणखी बरं, गप्पा तिथंच सुरू होतात.

प्यायला कांजी. अर्धा किलो काळी गाजरं, दोन लिटर उकळून गार केलेलं पाणी, मोहरीची पूड, मीठ, तिखट. बरणीला फडकं बांधून चार-पाच दिवस उन्हात ठेवायची. काळी गाजरं न मिळाली तर लाल गाजरांत थोडं बीट घाला. रंग जांभळट लाल, चव आंबट, आणि मोहरीचा झणका थेट नाकात. निळं सिरप सोड्यात ओतून त्याला मॉकटेल म्हणणाऱ्यांनी हा एक पेला पिऊन बघावा.

उन्हाळ्यात तिथं कैरी भाजून पुदिना, काळं मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याचं पन्हं करतात. आपलं गूळ-वेलचीचं. चैत्रातल्या हळदीकुंकवाला पन्हं आणि वाटली डाळ, एवढ्यावर अख्ख्या आळीतल्या बायका येऊन जातात. मान कमी झाला अशी तक्रार कुणी केल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. मग रविवारच्या चार पाहुण्यांना नऊ पदार्थ कशाला?

पोटभर जेवणच हवं असेल तर तेहरी आहे: तांदूळ, बटाटा, मटार, फ्लॉवर, हळद, खडा मसाला, सगळं एका कुकरात. आपल्या मसालेभाताची ती सख्खी बहीण, तेव्हा सोबत मठ्ठा चालतोच. शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा आणि बाहेर पाहुण्यांत येऊन बसा. ते तुम्हाला भेटायला आलेत.