वय झालंय त्याचं

आमच्या घरात दोन ज्येष्ठ नागरिक आहेत. एक सासूबाई, दुसरा टायगर. सासूबाईंनी पंचाहत्तरी ओलांडल्यामुळे त्यांना एसटीचा प्रवास फुकट आहे. टायगरला कसलीच सवलत नाही. उलट त्याच्या औषधांचं बिल त्यांच्या बिलापेक्षा मोठं येतं, आणि ते बिल सासूबाई दर महिन्याला चष्मा लावून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात वाचून दाखवतात.

टायगर नावापुरताच वाघ. पांढरा, झुबकेदार, मांडीत मावणारा. विकणाऱ्याने पॉमेरेनियन म्हणून दिला, पण आपल्याकडचे बहुतेक ‘पॉमेरेनियन’ असतात तसा तोही इंडियन स्पिट्झच. आता चौदा पूर्ण झाली. पुढचे दात गेले, कानांनी रजा घेतली, डोळ्यांवर निळसर झाक आली. सोसायटीत त्याला बघून लोक दोनच वाक्यं बोलतात. पहिलं, “अजून आहे का हा?” दुसरं, “वय झालंय त्याचं.” पहिल्याचा राग मी गिळते. दुसऱ्याशी मात्र माझं भांडण आहे.

मुळात वय किती झालंय, यावरच एकमत नाही. सोसायटीत प्रत्येक जण सातने गुणतो. चौदा सत्ते अठ्ठ्याण्णव. या हिशेबाने टायगर सासूबाईंहून बावीस वर्षांनी मोठा ठरतो आणि सणावारी त्याच्या पाया पडावं लागतं. सासूबाईंना ते साफ नामंजूर. सुदैवाने विज्ञान त्यांच्या बाजूने आहे. कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी शंभराहून अधिक लॅब्रेडॉर कुत्र्यांच्या डीएनएवरच्या रासायनिक खुणा माणसांच्या खुणांशी ताडून पाहिल्या आणि २०२० साली नवं सूत्र मांडलं. कुत्र्याच्या वयाचा नैसर्गिक लॉगॅरिदम घ्यायचा, त्याला १६ने गुणायचं आणि त्यात ३१ मिळवायचे. म्हणजे एक वर्षाचा कुत्रा एकदम एकतीस वर्षांचा बाप्या होतो आणि मग त्याचं वय सावकाश वाढतं. टायगर भरतो त्र्याहत्तर. सासूबाई शहात्तर. घरातलं थोरलेपण शाबूत राहिलं. लॅब्रेडॉरचं गणित स्पिट्झला तंतोतंत लागू पडेल असं नाही, कारण थोराड कुत्री लवकर म्हातारी होतात. सात-आठ वर्षांचा ग्रेट डेन आजोबा झालेला असतो, तर त्या वयाचा स्पिट्झ अजून पोस्टमनवर भुंकण्यात दंग असतो. पण हा तपशील मी सासूबाईंना सांगितलेला नाही.

आता भांडणाचं कारण सांगते. मध्यंतरी टायगर दाराशी यायचा बंद झाला. बेल वाजली, माणसं आली, गेली, हा आपला कोपऱ्यात पडून. सगळ्यांनी एकमुखाने निकाल दिला, “वय झालंय.” डॉक्टर मॅडमनी मात्र त्याला टेबलावर घेऊन खुबा आणि गुडघा हळूच वाकवून पाहिला, तेव्हा त्याने मान वळवून त्यांचा हात चाटला. “हे लाडाने नाही, दुखतंय म्हणून,” मॅडम म्हणाल्या. संधिवात. त्यात आमच्या घरातली चकचकीत टाइल. जुन्या वाड्यातल्या खरबरीत शहाबादी फरशीवर कुत्र्याचा पाय तरी ठरायचा. या आरशासारख्या जमिनीवर त्याचे मागचे पाय दोन दिशांना जात होते, आणि पडून फजिती करून घेण्यापेक्षा त्याने स्वागत समारंभच रद्द केला होता. मग कुत्र्यांसाठीचं वेदनाशामक सुरू झालं, वाढलेली नखं कापली, वजन थोडं उतरवलं आणि कोपऱ्यापासून दारापर्यंत योगा मॅट अंथरल्या. मॅट नवऱ्याच्या. त्यांच्यावर योग कधी झालाच नव्हता. आता टायगर त्यावरून अगदी लाल गालिच्यावरून आल्याच्या ऐटीत दाराशी येतो. त्याचं वय तेच आहे, पायाखालची जमीन तेवढी बदलली.

या काळात फुकट सल्ला भरपूर मिळाला. शेजारच्या काकू म्हणाल्या, “अगं, आपली तापाची गोळी दे अर्धी, लेकरासारखाच ना तो!” प्रेम खरं, पण सल्ला जीवघेणा. पॅरासिटामॉल कुत्र्याच्या यकृताला आणि रक्ताला बाधतं, आयबुप्रोफेनने पोटात व्रण पडतात नि मूत्रपिंडं बिघडतात. आपल्या डब्यातली गोळी त्याच्या तोंडात जाता कामा नये. प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणेसुद्धा नकोत. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात. तेव्हापासून सत्यनारायणाच्या शिऱ्यातून टायगरच्या वाटणीचा चमचा बेदाणे घालण्याआधीच बाजूला निघतो. देवाच्याही आधी का, असं भटजींनी विचारलं, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “देवाची मूत्रपिंडं ठणठणीत आहेत.”

आपल्या कथा-पुराणांत मला म्हातारा कुत्रा काही भेटला नाही. महाप्रस्थानाला निघालेल्या पांडवांच्या मागे कुत्रा निघाला. वाटेत द्रौपदी पडली, सहदेव, नकुल, अर्जुन, भीमसुद्धा पडला, पण कुत्रा थेट स्वर्गाच्या दारापर्यंत पोहोचला. तो साक्षात यमधर्म होता म्हणून निभावलं. चौदा वर्षांचा स्पिट्झ असता तर युधिष्ठिराला तो पहिल्याच चढणीला खांद्यावर घ्यावा लागला असता. नामदेवांची भाकरी पळवणारा कुत्राही तरणाच असणार, नाहीतर त्याच्यामागे तुपाची वाटी घेऊन धावावं कशाला लागलं असतं? कारण सरळ आहे. तेव्हा कुत्री म्हातारी व्हायला फारशी उरतच नसत. पिसाळणं, डिस्टेंपर, गोचिडांचा ताप यांतून वाचणार किती? परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचं जनावरांचं इस्पितळ १८८४ साली सुरू झालं, तेव्हा मुंबईच्या ट्रामही घोडे ओढत होते. डॉक्टरांपुढचे प्रश्न कामकरी जनावरांचे होते. कुत्र्याचा संधिवात हा प्रश्न पडायला आधी लसी याव्या लागल्या. टायगरचं म्हातारपण ही तशी नव्या जमान्याची कमाई आहे.

तुपाची वाटी घेऊन मीही फिरते, पण वाटीत गोळी असते. तूप-पोळीत दडवून दिली, तर पोळी जाते आणि गोळी बोराच्या बीसारखी बाहेर पडते, चाटून स्वच्छ केलेली. अंड्याच्या बलकात दिली तर बलक जातो. शेवटी सासूबाईंनी उपाय काढला. आधी एक घास रिकामा, दुसरा गोळीचा, आणि तिसरा घास त्याच्या नाकासमोर धरून ठेवायचा. तिसऱ्याच्या हावेपायी दुसरा न तपासता गिळला जातो. ही युक्ती त्यांनी माझ्या नवऱ्याच्या लहानपणी सिद्ध केलेली आहे.

गोळ्यांपैकी एक हृदयासाठी आहे. लहान चणीच्या कुत्र्यांच्या हृदयाची झडप म्हातारपणी बऱ्याचदा सैल होते, रक्त उलटं झिरपतं, रात्री खोकला येतो. त्यावर घरच्या घरी करायची सोपी तपासणी म्हणजे तो गाढ झोपला असताना मिनिटाला किती श्वास घेतो ते मोजायचं. तीसच्या आत असेल तर ठीक. आकडा सतत वर जाऊ लागला तर डॉक्टरांना फोन. हे काम सासूबाईंनी जपमाळेवर घेतलं आहे. एका श्वासाला एक मणी. मिनिट संपलं आणि तिसावा मणी आला नाही, की त्या “पास” म्हणून जाहीर करतात आणि तिथूनच जप पुढे सुरू करतात. त्या मण्यांचं पुण्य कुणाच्या खात्यावर जमा होतं, हे अजून ठरलेलं नाही.

मग पाणी. म्हातारा कुत्रा अचानक जास्त पाणी पिऊ लागला की लोक म्हणतात, ऊन वाढलंय. ऊन असेलही. पण मूत्रपिंडं, मधुमेह किंवा संप्रेरकांचा बिघाडही असू शकतो. नसबंदी न झालेली मादी माजावर येऊन गेल्यावर काही आठवड्यांत फार पाणी पिऊन मलूल झाली, तर गर्भाशयात पू झालेला असू शकतो. तिथे उद्याची वाट बघायची नसते. टायगरच्या बाबतीत मॅडमनी सकाळची पहिली लघवी मागितली. रक्तातलं क्रिएटिनिन वाढतं तोवर मूत्रपिंडांचं साधारण तीन-चतुर्थांश काम बंद पडलेलं असतं, लघवी त्याआधी बोलू लागते, असं त्या म्हणाल्या. ऐकायला सोपं वाटलं. प्रत्यक्षात मी पहाटे लांब दांड्याचा डाव घेऊन बागेत त्याच्या मागे वाकून चालत होते, तो पाय उचलायचा, मी डाव पुढे करायची, तो संशयाने पाय खाली ठेवून दुसऱ्या झाडाकडे निघायचा. वॉचमन खुर्चीतून उठून उभा राहिला. अखेर जास्वंदीखाली काम झालं. वॉचमनने विचारलं, “ताई, काही नवस आहे का?” तो डाव स्वयंपाकघरात परत आणायचा नाही, असा हुकूम घरून आधीच सुटला होता.

डोळे-कान त्या मानाने गुणी. निळसर झाक म्हणजे दरवेळी मोतीबिंदू नव्हे. भिंगात थरावर थर साचून ते दाट होतं, आणि तरी कुत्र्याला बऱ्यापैकी दिसतं. नेमकं काय आहे, ते डॉक्टरांनी उजेड टाकून ठरवायचं. बहिरेपणाचा तर फायदाच झाला. लक्ष्मीपूजनाला पलंगाखाली थरथरणारा टायगर आता सुतळी बॉम्बच्या आवाजातही घोरतो. फक्त झोपेत एकदम हात लावायचा नाही, आधी जमिनीवर पाय आपटायचा.

अवघड असतात त्या रात्री. तीन वाजता नखांची टकटक सुरू होते. टायगर उठून घरभर फिरतो, कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून थांबतो, कधी दाराच्या बिजागरीच्या बाजूला उभा राहतो आणि दार तिथूनच उघडणार म्हणून वाट बघतो. हाही आजार आहे. माणसाच्या अल्झायमरमध्ये मेंदूत साचतं तेच प्रथिन म्हाताऱ्या कुत्र्याच्या मेंदूतही साचतं. औषधाने थोडा फरक पडतो. तसाच फरक दिवसाच्या उन्हातल्या फेरीने, ठरलेल्या वेळांनी, रात्रीच्या मंद दिव्याने आणि फर्निचर न हलवण्यानेही पडतो. एकदा पाणी प्यायला उठले तर टायगर भिंतीसमोर आणि नवरा उघड्या फ्रीजसमोर, दोघेही आपण इथे का आलो ते आठवत उभे. मी दोघांनाही दिशा दाखवून झोपवलं.

शेवट कधीतरी येणार, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मॅडमनी सांगितलं, कॅलेंडरवर रोज एक खूण करा, दिवस बरा गेला की वाईट. वाईट दिवस जास्त होऊ लागले की आपण बसून बोलू. सासूबाई कालनिर्णयवर दुधाच्या नोंदीशेजारी खूण करतात. “दूध अर्धा लिटर, टायगर बरा.” गेल्या महिन्यात बरे दिवस पुष्कळ निघाले.

तेव्हा घरात सात-आठ वर्षांपुढचा कुत्रा असेल, तर सहा महिन्यांनी एकदा त्याचं रक्त, लघवी, दात, हृदय तपासून घ्या. तो जिना टाळू लागला, पाणी जास्त पिऊ लागला, रात्री भटकू लागला, तर लिहून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. तो स्वतःहून सहसा कण्हणार नाही. दुखणं लपवणं हाच त्याचा स्वभाव आहे. “वय झालंय” हे वाक्य म्हणायचंच असेल तर डॉक्टरांना म्हणू द्या, आणि तेही सगळं तपासून झाल्यावर.